सहा मिलिमीटर

आज सकाळी एका वृत्तवाहिनीने पृथ्वीजवळून सुखरूप निघून जाणाऱ्या एका लघुग्रहाच्या बातमीसोबत उकळते समुद्र आणि कोसळत्या इमारती दाखवल्या, आणि तो किती अंतरावरून जाणार आहे हे मात्र शेवटपर्यंत सांगितले नाही. माझा संताप अजून उतरलेला नाही.

जून २०१५ मध्ये इकॅरस नावाचा लघुग्रह जवळून जाणार होता, तेव्हाही हेच झाले होते. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. टीव्ही पाहून ती रात्री उशी घेऊन आली आणि म्हणाली, “बाबा, आज आपण सगळे एकाच खोलीत झोपू या.” नऊ वर्षांच्या मुलीला असे म्हणावे लागते, याचा हिशेब कोणी द्यायचा?

दुसऱ्या दिवशी आम्ही पुठ्ठ्यावर वीस सेंटिमीटर अंतराने दोन टाचण्या रोवल्या, त्यांना चोवीस सेंटिमीटरचा दोरा बांधला आणि पेन्सिल फिरवली. इकॅरसच्या कक्षेची उत्केंद्रता, म्हणजे तिच्या लांबटपणाचे माप, ०.८३ आहे म्हणजे काय, हे तिला तेव्हा कळले: सूर्याची टाचणी लंबवर्तुळाच्या पार टोकाशी होती. ४०९ दिवसांच्या एका फेरीत तो बुधाच्या कक्षेच्याही आत, सूर्यापासून सुमारे २ कोटी ८० लाख किलोमीटरवर जातो आणि मंगळाच्या कक्षेपलीकडे जाऊन परततो. शिवाय त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी २३ अंशांनी कललेली आहे. १६ जूनचे त्याचे पृथ्वीपासूनचे अंतर ८० लाख किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या एकवीसपट होते. आमच्या पुठ्ठ्यावर ते सहा मिलिमीटर भरले. “एवढंच?” म्हणून ती घाबरली, तेव्हा मी तिला त्याच मापाने पृथ्वी काढायला सांगितली. ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी येत होती. पेन्सिलीचे टोक कितीही तासले तरी तेवढा ठिपका उमटेना. त्या रात्री ती स्वतःच्या खोलीत झोपली.

धोका कधीच नसतो असे नाही; २०१३ मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर फुटलेला जेमतेम वीस मीटरचा दगड कोणाला आधी दिसला नव्हता, हे मान्य. पण १९६७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना, हाच इकॅरस आदळणार आहे असे धरून त्याला वळवण्याची योजना आखायला दिली होती आणि त्यांनी अग्निबाण, अणुस्फोट, दिवस यांचे रीतसर गणित मांडले होते. पुढच्याच वर्षी रडारचा प्रतिध्वनी मिळालेला तो पहिला लघुग्रह ठरला. हे सांगायला वाहिनीला दोन मिनिटे पुरली असती.

दुपारी माळ्यावरून तो पुठ्ठा काढला. टाचण्यांची भोके तशीच आहेत, आणि कडेला तिच्या अक्षरात इकॅरसच्या पुढच्या जवळच्या भेटीचे साल लिहिले आहे: २०४३.