‘डोळे आले? काजळ घाला’ म्हणे!

सध्या सोलापुरात भिशीपासून सोसायटीपर्यंत सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘घरच्या काजळाने कधीच इन्फेक्शन होत नाही, दोष कंपन्यांच्या मस्काऱ्याचा. काजळ उष्णता खेचतं. डोळे आले तर रात्री भरपूर काजळ घाला, तान्ह्या बाळालाही घाला.’

घरच्या काजळात जंतू नसतात? दिव्यावर ताटली धरून काजळी जमवली, तूप कालवून डबीत भरली, इथवर ठीक. पण डबी एक आणि बोटं घरभराची. डोळे आलेल्या पोरीचं बोट एकदा आत गेलं की घरचं काय नि बाजारचं काय! शिवाय पापणीच्या आतल्या कडेवर तेलग्रंथींची बारीक तोंडं असतात आणि काजळ आपण नेमकं तिथेच ओढतो. ती बुजली की रांजणवाडी.

मस्काऱ्याबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. ब्रश पापणीवरून नळीत, नळीतून पुन्हा पापणीवर; म्हणून उघडल्यापासून ३ महिन्यांत तो टाकून द्यायचा असतो. वाळला म्हणून पाण्याचा थेंब घालू नका. (काहीजणी थुंकी लावतात. असो.) असा ब्रश बुबुळाला खरचटला तर स्यूडोमोनाससारखा जंतू बघता बघता व्रण करतो, आणि बरं झालं तरी फूल पडून नजर अधू होऊ शकते. गड्ड्याच्या यात्रेत स्टॉलवर नमुन्याची एकच पेन्सिल असते. एकीने पापणी ताणून ओढली, आरशात पाहिलं, की लगेच दुसरीच्या हातात. अगं, मनगटावर ओढून बघा की!

उष्णता खेचतं म्हणाल, तर गार वाटतं ते बऱ्याचदा त्यात घातलेल्या कापरामुळे. डोळ्यांतून पाणी येतं ते झोंबतं म्हणून.

डोळे आल्यावर काजळ घालणं तर साफ चूक. बहुतेक वेळा ती विषाणूची साथ असते, काजळाने काही होत नाही. उलट डबीच बिघडते. बरं होईपर्यंत डोळ्यांना काही लावू नका, त्या दिवसांत वापरलेलं टाकून द्या. दुखायला लागलं, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसलं तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मेडिकलमधून मनानेच स्टेरॉइडचे थेंब आणू नका.

राहिलं बाळ. सुरम्यात आणि काही काजळांत शिसं सापडलंय, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला फार बाधतं. दृष्टीची भीती वाटतच असेल तर आजी तळपायाला तीट लावतील, डोळ्यांना हात लावू नका.