‘रात्री बारानंतर लॉगिन करा’: त्या फॉरवर्डला उत्तर

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मेसेज सारखा पुढं ढकलला जातोय: ‘ओटीटी चालत नाही? शंभर टक्के उपाय’. मेसेज लांबलचक आहे, त्यातला मजकूर थोडक्यात असा. एरर आला म्हणजे कंपनीचा सर्व्हर फुल्ल झालाय, रात्री बारानंतर लॉगिन करा. तरी जमलं नाही तर ॲप काढून परत टाका, टीव्ही असेल तर फॅक्टरी रिसेट मारा. ओटीपी येत नसेल तर कंपनीनं तुमचा नंबर ब्लॉक केलाय. पडदा काळा दिसत असेल तर टीव्ही जुना झाला, नाहीतर जास्त स्पीडचा प्लॅन घ्या. फुकटचं व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरवून नेणारं ॲप) टाका. आणि शेवटी, एवढं करूनही अडलं तर खाली दिलेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन लावा.

मी गंगाखेडला फायबरच्या जोडण्या करतो, टीव्ही लावून देतो. हा मेसेज वाचून लोकांनी केलेले उद्योग निस्तरायला जावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

बारा वाजताच्या उपायापासून सुरुवात करू, कारण तो खरोखर ‘लागू पडतो’ आणि म्हणूनच लोकांचा त्या अख्ख्या मेसेजवर विश्वास बसतो. रात्री नऊला गोल फिरत बसलेलं ॲप सव्वाबाराला सुरळीत चालतं, हे अनेकांनी स्वतः बघितलंय. पण त्यात सर्व्हरचा काही संबंध नाही. आपल्याकडं कितीतरी घरांत टीव्हीला नेट मिळतं ते पोराच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, आणि मोबाइलला पॅक असतो रोज दीड किंवा दोन जीबीचा. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडीत बघितलं तर तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. म्हणजे दोन जीबी चाळीस मिनिटांत साफ. कोटा संपला की कंपनी नेट बंद करत नाही, स्पीड ६४ केबीपीएसवर आणून ठेवते. एचडीला किमान ३ एमबीपीएस लागतं, म्हणजे याच्या पंचेचाळीस पटींहून जास्त. मात्र या ६४ मध्येही व्हॉट्सॲपचा साधा मेसेज रांगत का होईना जातो. ओटीपीच्या एसएमएसला तर डेटा लागतच नाही. त्यामुळं माणूस ठासून सांगतो, ‘नेट चालूच आहे, ॲपच बिघडलंय.’ बारा वाजले की कोटा नव्यानं भरतो आणि ॲप चालू होतं. सर्व्हर मोकळा झाल्याचं श्रेय फुकट त्या मेसेजला.

संध्याकाळी आठ ते अकरा टॉवरवर गर्दी असते आणि तेव्हा स्पीड पडतो, एवढं त्या मुद्द्यात तथ्य आहे. सर्व्हरही कधीमधी बसतात, विशेषतः मोठ्या मॅचच्या दिवशी. पण ते ओळखायला बारापर्यंत जागायची गरज नाही. शेजारच्याच्या वेगळ्या कंपनीच्या सिमवर तेच ॲप चालतंय का बघा. त्याचं चालतंय आणि तुमचं नाही, तर दोष तुमच्या नेटमध्ये किंवा तुमच्या यंत्रात आहे. आणि डेटा किती उरला हे बघायला रिचार्जचं ॲप मोबाइलमध्ये असतंच की.

आता ‘ॲप काढा, परत टाका’. हा उपाय काही वेळा बरोबर असतो. कोणत्या वेळा, हे पडद्यावरच लिहिलेलं असतं, फक्त ते कोणी वाचत नाही. मला फोन येतो तो असा: “दादा, टीव्ही कायतरी इंग्रजीत दाखवायलाय.” काय दाखवतोय विचारलं की तोवर त्यांनी बंद करून टाकलेलं असतं. नेटफ्लिक्सवर यूआय-८००-३ असा कोड आला तर यंत्रात साठवलेली माहिती जुनी झालीय, ती ताजी करायला हवी. तिथं साइन आउट करणं, ॲपचा डेटा उडवणं, ॲप परत टाकणं हे खुशाल करा. पण एनडब्ल्यू-२-५ आला तर टीव्ही नेटफ्लिक्सपर्यंत पोचतच नाहीये. तिथं ॲप दहादा काढून टाकलंत तरी वाट तिथंच अडलेली राहणार. उलट नुकसान होतं. प्रवासात बघायला उतरवून ठेवलेले भाग जातात. जुन्या मोबाइलवर तर प्ले स्टोअर सांगतं की तुमच्या यंत्रावर हे ॲप आता चालत नाही. म्हणजे जे जुनं व्हर्जन निमूटपणे चालू होतं, ते आपल्याच हातानं घालवलं.

फॅक्टरी रिसेट तर त्याहून वाईट. वायफायचा पासवर्ड जातो, प्रत्येक ॲपचं लॉगिन जातं आणि ते लॉगिन असतं पुण्याला नोकरीला असलेल्या लेकाच्या नावावर. तो मीटिंगमध्ये. मग घरातली तिघं-चौघं हताश होऊन निळ्या पडद्याकडं बघत बसतात.

ज्या बिघाडावर लोक हा रिसेट मारतात, तो बऱ्याचदा लाईटीचा असतो. लाईट गेली, आली. स्वस्त टीव्ही आणि अँड्रॉइड बॉक्स यांच्यातल्या कितीतरी यंत्रांना लाईट गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारी बॅटरीच नसते. लाईट आल्यावर त्यांची तारीख मागं जाते, कधी थेट १ जानेवारी १९७० वर. एरवी ती नेटवरून आपोआप जुळते, पण टीव्ही अर्ध्या मिनिटात चालू होतो आणि राउटर व फायबरचा डबा पूर्ण उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. तोवर टीव्हीच्या हिशेबानं आपण सत्तर सालात असतो. प्रत्येक सुरक्षित जोडणीत समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं जातं आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध याच्या तारखा असतात. सत्तर सालातल्या टीव्हीला ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं दिसतं आणि तो जोडणी नाकारतो. एरर मात्र नेटवर्कचा किंवा लॉगिनचा दाखवतो. उपाय एवढाच: राउटरचे दिवे स्थिर होऊ द्यायचे, मग टीव्ही बटणानं बंद करून पुन्हा चालू करायचा, सेटिंगमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर आहे का बघायचं. ते ऑटोमॅटिक दिसूनही तारीख चुकीचीच असेल तर हातानं टाकायची.

याला जोडूनच दुसरी गंमत. घरी इन्व्हर्टर आहे, राउटर चालू आहे, टीव्हीवर वायफायची खूण पूर्ण भरलेली आहे, तरी काही चालत नाही. ती खूण सांगते फक्त टीव्ही आणि राउटर यांच्यातलं. बाहेरून नेट येतंय का, ते फायबरच्या डब्यावर बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर लाईन तुटलीय, नाहीतर आमच्याकडच्या खांबावरच्या पेटीची बॅटरी उतरलीय. रस्त्याचं काम चालू असलं की जेसीबीच्या एका दातानं अख्खी गल्ली बंद पडते. अशा वेळी ॲपशी झटापट करू नका, आम्हाला फोन करा. शिव्या पण चालतील.

ओटीपीचा मुद्दा. ‘कंपनीनं नंबर ब्लॉक केला’ हे वाचून लोक घाबरून बटण दाबत सुटतात, आणि नेमकं त्यामुळंच काम बिघडतं. नवा ओटीपी मागितला की आधीचा बाद होतो. टॉवर कमजोर असला की मेसेज अडकतात आणि मग तीन एकदम पडतात. माणूस वरचा पहिला दिसेल तो टाकतो, तो शिळा असतो. असं चार-पाचदा झालं की ॲप काही वेळ दारच बंद करतं, आणि मग खरोखरच ब्लॉक झाल्यासारखं वाटतं. एकदाच मागा, दोन मिनिटं थांबा, शेवटी आलेलाच टाका.

मुळात आलाच नाही तर कारणं साधी असतात. रिचार्ज संपून इनकमिंग बंद झालेलं असतं. शेतातल्या वडलांच्या जुन्या सिमवर खातं काढलं की हे हमखास. मेसेजच्या ॲपमध्ये ‘स्पॅम’चा कप्पा असतो, तिथं तो पडलेला असतो. आणि एक कारण लोकांना माहीतच नाही: सिम हरवलं किंवा बदललं आणि त्याच नंबरचं नवं सिम घेतलं, तर पहिले २४ तास त्यावर एसएमएस जातही नाही, येतही नाही. दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये सिम बदलून होणारी फसवणूक रोखण्यासाठी हा नियम केला. कॉल लागतात, नेट चालतं, फक्त एसएमएस नाही. उद्या याच वेळेला करा, एवढंच त्याचं उत्तर. जुना नंबर सोडून दिला असेल तर मात्र खात्यात नवा नंबर लगेच टाकून घ्या. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, मग तुमच्या खात्याचा ओटीपी त्या नव्या माणसाच्या हातात.

पडदा काळा दिसला की टीव्ही जुना झाला, हा दुकानदाराच्या फायद्याचा सल्ला आहे. मोबाइलचा पडदा टीव्हीवर दाखवताना, म्हणजे मिररिंग करताना, मेन्यू दिसतो, आवाज येतो आणि चित्र तेवढं काळं पडतं, तर तो बिघाड नाही. कॉपी होऊ नये म्हणून चित्र मुद्दाम अडवलेलं असतं. एचडीएमआय केबलमध्ये मध्येच स्वस्तातला स्प्लिटर (एका केबलचे दोन फाटे करणारा डबा) लावला तरी हेच होतं, कारण दोन्ही टोकांची ओळख पटल्याशिवाय चित्र सोडलं जात नाही. स्प्लिटर काढून केबल थेट लावा आणि बघा. चित्र येतंय पण धुरकट, एचडी मिळतच नाही, असं असेल तर स्वस्त बॉक्सला वाइडवाइनची (कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) वरची पातळी एल१ नसते, खालची एल३ असते, आणि एल३ वर मोठी ॲपं एचडी देत नाहीत. तिथं ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी चित्र तसंच. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन घेऊन टीव्हीवर लॉगिन होत नाही म्हणणारेही भेटतात. तो प्लॅन आहेच फोन आणि टॅबपुरता, एका वेळी एकाच यंत्रावर, ४८० पी मध्ये.

स्पीड खरंच कमी पडतो तिथंही आधी भिंत बघा. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांत पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फुटी भिंती आहेत. राउटर ढाळजेत, टीव्ही माजघरात. राउटरची दोन नावं दिसतात, त्यातल्या ‘५जी’ लिहिलेल्याला सगळे हौसेनं जोडतात. ते मोबाइलचं ५जी नव्हे, ती ५ गिगाहर्ट्झची लहर आहे, जवळून वेगवान पण जाड भिंतीपुढं लवकर हात टेकणारी. साध्या २.४ वाल्या नावाला जोडून बघा. पंधरा एमबीपीएस टीव्हीपर्यंत नीट पोचलं तर फोर-के सुद्धा चालतं. त्याहून बरा मार्ग म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची केबल टाकणं. पन्नास फूट वायरला काही फार पैसे पडत नाहीत.

फुकटच्या व्हीपीएनबद्दल दोनच वाक्यं. मोठी ॲपं व्हीपीएन ओळखून अडवतात, त्यामुळं नसलेला एरर तयार होतो. आणि तुमचं सगळं नेट एका अनोळखी माणसाच्या हातातून फुकटात का जाऊ दिलं जातंय, हे ज्याचं त्यानं बघावं.

राहिला तो ‘कस्टमर केअर’चा नंबर. अख्ख्या मेसेजमधली खरी घातक ओळ हीच आहे, आणि वरचे अर्धेमुर्धे उपाय बहुधा तिच्यापर्यंत आणून सोडण्यासाठीच लिहिलेत असा माझा संशय आहे. असे नंबर गुगलवरही पेरलेले असतात. पलीकडचा माणूस हिंदीत गोड बोलतो, स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो, नाहीतर व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायचं ॲप, पाठवतो. लग्नपत्रिकेच्या आणि चलानच्या नावानं येणाऱ्या फायलींची हीच जात. टीव्हीवर लॉगिन करताना कोड येतो आणि तो फोनवरून टाकायचा असतो, त्या पायरीवरही सापळा आहे: लोक टीव्हीवर दिसणारा पत्ता टाइप करायच्या ऐवजी गुगलवर शोधतात, पहिल्या दिसेल त्या साइटवर जातात आणि ती ‘ॲक्टिव्हेशन फी’ मागते. कुठलंही नावाजलेलं ॲप टीव्ही जोडायची वेगळी फी घेत नाही. टीव्हीवर क्यूआर असेल तर तोच स्कॅन करा, नसेल तर पत्ता अक्षर न् अक्षर बघून टाका. मदत हवी तर ॲपच्या आतल्या ‘हेल्प’मधूनच मागा.

कोणी त्या नंबरवर आधीच बोलून बसला असेल, तर पहिल्यांदा मोबाइलचं नेट बंद करा आणि ते स्क्रीनचं ॲप काढून टाका. इथं मात्र ॲप काढायचा सल्ला बिनचूक आहे. पैसे गेले असतील तर दुसऱ्या फोनवरून लगेच सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, म्हणजे १९३० ला, आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर फोन, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मग ओटीटीच्या खात्यात जाऊन ‘सगळ्या यंत्रांवरून साइन आउट’ करा आणि पासवर्ड बदला. तो फॉरवर्ड डिलीट करायच्या आधी नंबरासकट त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीत लागतो.