मुदतपूर्व निवृत्तीची बिनपगारी नोकरी

नोकरी लवकर सोडायची म्हटले, की ती सोडण्याचे नियोजन नावाची दुसरी नोकरी पत्करावी लागते. ती मी रोज रात्री, पहिली नोकरी आटोपून घरी आल्यावर, विनावेतन करतो.

मूळ सूत्र दिसायला फार सोज्ज्वळ आहे. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी जमवावी, पहिल्या वर्षी तिच्यातून ४ टक्के काढावेत, पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईनुसार वाढवत न्यावी आणि निर्धास्त राहावे. विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये तिकडच्या शेअर आणि रोख्यांचा जुना इतिहास तपासून हा मार्ग दाखवला; पण त्याने हिशेब धरला होता तो निवृत्तीनंतरच्या ३० वर्षांचा. पंचेचाळिशीत खुर्ची सोडणाऱ्याने नव्वदीपर्यंत जगण्याचा हट्ट धरला, तर उरलेली १५ वर्षे त्याने कोणाच्या जिवावर काढायची, याबद्दल सूत्र मौन पाळते. म्हणून सावध मंडळी ३ टक्केच काढा म्हणतात. म्हणजे पुंजी ३३ पट हवी! हे वाचले त्या रात्री, एक पैसाही खर्च न करता, मी आठ वर्षांच्या खर्चाइतका गरीब झालो.

कमाईतले दहा टक्के शिल्लक टाकणाऱ्यांची स्थिती तर याहून हृद्य आहे. महागाई वजा जाता ५ टक्के परतावा धरला, तरी त्यांना २५ पटीचा टप्पा गाठायला सुमारे ५१ वर्षे लागतात, म्हणजे पंचविशीत कंबर कसलेला गृहस्थ शहात्तराव्या वर्षी ‘लवकर’ निवृत्त होतो. निम्मी कमाई शिल्लक टाकणाऱ्याला मात्र १७ वर्षे पुरतात, कारण त्याची पुंजी वेगाने वाढते आणि खर्चच कमी असल्याने गाठायचे शिखरही बुटके असते. अर्थात, एवढ्या काटकसरीत राहणाऱ्याला निवृत्त होऊन नेमके काय करायचे असते, हा प्रश्न मी शिष्टाचार म्हणून विचारत नाही.

माझा खरा छळ मांडला आहे तो एक्सेलमधल्या ‘मृत्यूसमयीचे वय’ या रकान्याने. तिथे ९० लिहिले, की त्र्याऐंशीपासून खालच्या ओळी लालभडक होतात. ८० लिहिले, की सगळे हिरवेगार. एकदा समाधानाने ८० कायम करत असताना मागून सौभाग्यवतींनी डोकावून विचारले, “आणि माझा रकाना कुठे आहे?” त्यांचा रकाना घातला, त्यात त्यांनी स्वतःच ९५ भरले, आणि पडदा पुन्हा रक्तबंबाळ झाला.

त्यातच कळले, की सरासरी परतावा उत्तम असूनही निवृत्तीच्या पहिल्या काही वर्षांतच बाजार कोसळला, तर पडत्या भावात विकून खावे लागते आणि पुढच्या तेजीत वाढायला पुंजीच फारशी उरत नाही. त्यावर उपाय एकच, आणखी एक वर्ष नोकरी. त्या एका वर्षात शिल्लक वाढते, जुनी पुंजी फळते आणि पोसायचे एक वर्ष कमी होते. संपूर्ण तक्त्यात इतका गुणी दुसरा आकडा नाही. मी तो भक्तिभावाने वाढवत नेला, तेव्हा दोघांचेही रकाने हिरवे झाले ते साठाव्या वर्षी, म्हणजे कार्यालय मला आपण होऊन घरी पाठवणार आहे त्याच वर्षी.