रिकामे ताट परत करू नये

साताऱ्याहून मडगावला बिऱ्हाड हलवताना परक्या मुलखात आपले जेवणाखाण्याचे हाल होतील, अशी काळजी सगळ्या नातेवाइकांनी वाहिली होती. हाल अतिखाण्याने होतील, हे मात्र एकालाही सुचले नाही. दिवाळीत चकल्या, करंज्या आणि चिवडा असे ताट आम्ही शेजारच्या आंटींकडे रीतसर पोहोचवले. आंटी कॅथलिक असल्या, तरी शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करू नये हा नियम त्या माझ्या आजीपेक्षाही कडकपणे पाळत असल्यामुळे, ते ताट नाताळात कोन्सुआद, म्हणजे गोव्यातले नाताळच्या गोडधोडाचे ताट, होऊन परतले. त्यात नेवऱ्या, दोदोल, दोस, कुलकुल आणि मधोमध बेबिंका होती.

सासूबाई अंडे खात नाहीत. त्यामुळे ताटाची छाननी सुरू झाली. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ घोटून केलेला दोदोल बिनशर्त पास झाला. (माझ्या मते कोन्सुआदचा खरा मानकरी तोच, बेबिंकेला उगाच भाव मिळतो.) हरभऱ्याची डाळ आणि खोबऱ्याचा दोसही सुटला. परंतु सासूबाईंचे लक्ष बेबिंकेवर खिळले होते, आणि तिचा प्रत्येक थर अंड्यांच्या बलकांवर उभा असतो, हे सांगण्याचे काम अर्थातच सुनेकडे आले. ते ऐकून त्यांनी हात मागे घेतला. नजर मात्र तिथेच ठेवली.

ताटासोबत लेबल नसलेली एक बाटलीही आली होती. "घे गो बाय, घरचीच फेणी, सर्दीक बरी," असे सांगून आंटी निघून गेल्या. साताऱ्यात दारूच्या दुकानासमोरून जाताना मान फिरवणाऱ्या सासऱ्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ न्याहाळली, गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची माहिती आम्हाला पुरवली, आणि अशा वस्तूचा अव्हेर करणे शेजारधर्माला सोडून होईल, असा निर्णय दिला. त्याच संध्याकाळी त्यांना सर्दी झाली.

संक्रांतीला मी तेच ताट तिळाच्या वड्यांनी भरून आंटींच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी वड्यांपेक्षा सासऱ्यांच्या प्रकृतीची चौकशी अधिक केली. मी "आता बरे आहेत" म्हणण्यापूर्वीच आमच्या खिडकीतून इतका दणदणीत खोकला ऐकू आला, की आंटी दुसरी बाटली आणायला आत वळल्या.