‘अल्कलाइन शरीर’वाला मेसेज आणि पोटातलं पेप्सिन

‘एन्झाइम फक्त अल्कलाइन शरीरातच काम करतात. रोज सकाळी लिंबूपाणी किंवा चमचाभर खायचा सोडा घ्या, रक्ताचा पीएच वाढेल. अशा शरीरात कॅन्सर जगूच शकत नाही, या शोधाला १९३१ साली नोबेल मिळालं.’ सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा फिरतोय.

आधी एन्झाइमांचं, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचं. पीएच म्हणजे माती तपासणीच्या कागदावर ‘सामू’ लिहितात तोच: ७ म्हणजे तटस्थ, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कलाइन. हा पीएच प्रत्येक एन्झाइमला वेगळा लागतो. पोहे बराच वेळ चावले की गोडसर लागतात, कारण लाळेतलं अमायलेज स्टार्चची साखर करतं. त्याला ७ च्या आसपासचा पीएच मानवतो. घास पोटातल्या आम्लात मुरला की ते थंडावतं आणि पेप्सिनची पाळी येते. पेप्सिन प्रथिनं तोडतं ते पीएच २ च्या आसपास. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातलं बायकार्बोनेट आम्ल मारतं, मग ट्रिप्सिन हे प्रथिनं तोडणारं दुसरं एन्झाइम ८ च्या जवळ कामाला लागतं. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, म्हणजे २ आणि ८ मध्ये आम्लतेचा फरक दहा लाख पट. एवढं सगळं एकाच जेवणात!

असं का? एन्झाइम म्हणजे घड्या पडलेली प्रथिनाची साखळी. तिच्या खाचेत रेणू बसतो आणि तुटतो. पेप्सिनच्या खाचेत अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे दोन गट असतात. एकाने प्रोटॉन (आम्लात भरपूर असणारा हायड्रोजनचा धनभारित कण) धरलेला हवा, दुसऱ्याने सोडलेला. ही जोडी आम्लातच जमते. ट्रिप्सिनचं उलट. तिथल्या हिस्टिडीन या घटकाला प्रोटॉन घ्यायचा असतो, पण आम्लात ते आधीच एक धरून बसतं आणि काम अडतं. पीएच फारच हलला तर घड्याच उलगडतात. पोट अल्कलाइन केलं तर पेप्सिन बंद, एवढंच साधेल.

लिंबूपाण्यात थोडं तथ्य आहे. लिंबातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं आणि लघवीचा पीएच वाढतो. काही मूतखड्यांवर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात ते म्हणूनच. रक्त मात्र फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्येच धरून ठेवतात. ते खरंच बाहेर गेलं तर हॉस्पिटल गाठावं लागतं. लघवीत पीएच तपासायची कागदी पट्टी बुडवून रक्ताचा निकाल लावणं म्हणजे मोरीतलं पाणी बघून आमटीची चव सांगणं.

नोबेल खरं, कारण खोटं. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांना ते मिळालं पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या शोधासाठी. कॅन्सरच्या गाठीभोवती आम्लता असते, पण ती गाठच लॅक्टिक आम्ल सोडून तयार करते. प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी ज्या द्रवात वाढवतात त्याचा पीएच ७.४ च्या आसपास, म्हणजे किंचित अल्कलाइनच असतो.

राहिला सोडा. चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचं सोडियम दोन ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. मेसेज पाठवणाऱ्या काकांना बीपीची गोळी चालू आहे, म्हणून एवढं लिहिलं.