रुमालाखालचा भाव

आई पहिल्यांदा अमेरिकेत, ओहायोला आली तेव्हा तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याभरातच संपल्या. इथल्या डॉक्टरकडून चिठ्ठी घेतली, गोळ्या भरून आणल्या. तिनं ती नारिंगी डबी चारी बाजूंनी फिरवली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "अगं, एमआरपी कुठाय यावर?"

मी अकरा वर्षं इथं फार्मासिस्ट आहे. कोलंबसजवळच्या एका लहानशा, कुठल्याही साखळीत नसलेल्या फार्मसीत. आणि मला तिला उत्तर देता आलं नाही. कारण इथं औषधाला एक भाव नसतोच. रांगेतल्या तिघांना तीच गोळी तीन भावांनी पडते, आणि कोणाला किती पडणार हे मलाही इन्शुरन्सकडे क्लेम पाठवल्यावर स्क्रीनवर कळतं.

लहानपणी अण्णांबरोबर पुसेगावच्या यात्रेत बैलबाजारात गेले होते. दलाल रुमाल टाकायचा, त्याखाली विकणाऱ्याची बोटं दाबायचा, मग घेणाऱ्याची. एकाला कळलेला आकडा दुसऱ्याला कळायचा नाही. मधलं काय ते रुमालालाच ठाऊक. अमेरिकेतल्या औषधांच्या धंद्यातला हा रुमालवाला म्हणजे पीबीएम, फार्मसी बेनिफिट मॅनेजर. इन्शुरन्सच्या वतीनं हा औषध कंपनीशी घासाघीस करतो, कुठलं औषध यादीत घ्यायचं ते ठरवतो आणि माझ्यासारख्या दुकानाला किती पैसे द्यायचे तेही ठरवतो. केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांच्या हातून देशातली जवळजवळ ८० टक्के प्रिस्क्रिप्शन्स जातात. तिघांच्याही घरातच इन्शुरन्स कंपनी आहे आणि स्वतःची फार्मसीसुद्धा. म्हणजे माझा भाव ठरवणारा माझा स्पर्धकही आहे.

मागच्या महिन्यातलीच गोष्ट. एका आजोबांचा क्लेम टाकला. आम्हाला औषध ज्या किमतीत पडलं त्यापेक्षा ४ डॉलर ११ सेंट कमी परत आले. गोळ्या मोजून झाल्या होत्या, आजोबा काउंटरला टेकून नातवाच्या मॅचबद्दल सांगत होते. काय करणार? दिल्या. अपील केलं की ठरलेलं उत्तर येतं: दर बरोबर आहे. दिवसाला असे पाच-सहा क्लेम होतात.

आणि त्याच क्लेमचे पीबीएमनं आजोबांच्या इन्शुरन्स प्लॅनकडून किती घेतले, ते मला कधीच दिसत नाही. ते दिसलं तर काय होतं, याचं उदाहरण आमच्या ओहायोतच आहे. २०१८ मध्ये राज्याचे ऑडिटर डेव्ह योस्ट यांनी मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याच्या, दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत पीबीएमनं लावलेली रक्कम, दुसरीत दुकानांना मिळालेली. एका वर्षात फरक २२ कोटी ४८ लाख डॉलर! जेनेरिक औषधांवर तर ३१.४ टक्के. राज्यानं तसे करार बंदच करायला लावले. नवा शोध कुठलाच लागला नव्हता, नुसता रुमाल उचलला होता.

पण माझा खरा राग या फरकावर नाही, रिबेटवर आहे. औषध कंपनी यादीत चांगली जागा मिळावी म्हणून पीबीएमला मागच्या दारानं सूट देते, आणि ती बहुधा छापील किमतीच्या, म्हणजे कंपनीनं कागदावर जाहीर केलेल्या लिस्ट प्राइसच्या, टक्केवारीत असते. छापील किंमत जितकी मोठी, तितकी टक्केवारी जाड. मग स्वस्त औषध यादीत घेण्यात कोणाचा फायदा? जानेवारी २०२३ मध्ये ह्युमिरा या संधिवातावरच्या महागड्या इंजेक्शनचं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे जवळजवळ तसंच दुसऱ्या कंपनीचं औषध, अ‍ॅमजेव्हिटा, इथं बाजारात आलं तेव्हा कंपनीनं एकाच औषधाला दोन किमती लावल्या: एक ह्युमिरापेक्षा ५५ टक्के कमी, दुसरी फक्त ५ टक्के कमी. महागडी कोणासाठी? ज्यांना रिबेट हवा त्यांच्यासाठी. मी ही बातमी दोनदा वाचली, मला वाटलं छपाईची चूक आहे.

आणि ज्याचं डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी स्वतः भरायची रक्कम, अजून भरलेलं नाही, तो आजारी माणूस बहुतेकदा त्या फुगवलेल्या किमतीच्या हिशोबानंच खिशातून पैसे काढतो. रिबेट दुसरीकडेच पोचतो.

कायदा मात्र बैलगाडीतून आला. डिसेंबर २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहात ३२० विरुद्ध ७१ मतांनी पीबीएमला लगाम घालणारं एक विधेयक पास झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. डिसेंबर २०२४ मध्ये हीच कलमं खर्चाच्या मोठ्या विधेयकात घातली, आणि शेवटच्या दोन दिवसांत ते विधेयकच कोसळलं. अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये सही झाली. मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या, औषध योजनेत पीबीएमचा मोबदला छापील किमतीपासून तोडायचा, तोही २०२८ पासून. नोकरीतून इन्शुरन्स देणाऱ्या कंपन्यांना पीबीएमनं हिशोबाचे अहवाल द्यायचे. टक्केवारी तोडणं हे यातलं सोनं आहे. अहवालांचं मला फार कौतुक नाही. एचआरच्या फोल्डरमध्ये पडलेला अहवाल आजोबांच्या काय कामाचा? माझं म्हणणं एवढंच की पावतीवर तीन ओळी छापा: दुकानाला किती मिळाले, प्लॅननं किती दिले, मध्ये किती राहिले.

"आम्ही घासाघीस करतो म्हणून भाव उतरतात, आकडे उघडे केले तर औषध कंपन्या एकमेकींचे बघून सूट कमी करतील," असं पीबीएमवाले म्हणतात. मुद्दा अगदीच फालतू नाही. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था एफटीसीसुद्धा पूर्वी असंच सांगायची. पण जुलै २०२३ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की आमच्या त्या जुन्या मतांवर आता विसंबू नका.

आपल्याकडे सगळं छान आहे असं नाही म्हणत. छापील भाव चौपट फुगवून ठेवलेल्या जेनेरिक पट्ट्या मीही पाहिल्यात. पण निदान आकडा डोळ्यांसमोर असतो, भांडायला जागा असते.

पुढच्या खेपेला आई गोळ्या सोबतच घेऊन आली, सहा महिन्यांच्या. प्रत्येक पट्टीवर भाव छापलेला. आणि मेडिकलवाल्यानं त्यातूनही दहा टक्के सोडले, हे तिनं मला एअरपोर्टवरून घरी येईपर्यंत दोनदा सांगितलं.