५५० रुपयांच्या नाण्याबद्दल दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार. जळगावच्या दुकानातून मीच लिहितोय. तुम्ही ऑनलाइन अभिप्रायात दुकानाला पाचपैकी एकच तारा दिलात आणि लिहिलंत की गुरू नानकांचं ५५० रुपयांचं नाणं चांदीचं म्हणून विकलं, सराफाकडे टंच (शुद्धता) काढला तर चांदी निम्मीच निघाली, टांकसाळीचं चिन्ह नाही, आठवड्यात डाग पडला, म्हणजे सरळ फसवणूक.

चांदी निम्मी आहे, हे खरं. २०१९ साली गुरू नानकांच्या ५५०व्या प्रकाशपर्वानिमित्त, म्हणजे जयंतीनिमित्त, सरकारनेच हे ३५ ग्रॅमचं नाणं तसं काढलं: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, निकेल आणि जस्त ५-५ टक्के. तुमचा सराफ चुकला नाही. चुकलो आम्ही. धनत्रयोदशीला काउंटरवर पाय ठेवायला जागा नव्हती, त्या गडबडीत भाच्याने बिलावर नुसतं 'चांदीचं नाणं' लिहिलं. सोन्या-चांदीच्या या गावात असं लिहिल्यावर गिऱ्हाईक शुद्ध चांदीच समजणार. कालपासून प्रत्येक बिलावर टक्केवारी लिहितोय.

चिन्हाचं मात्र ऐका. सालाखाली मुंबईच्या नाण्यावर बारीक हिरा असतो, हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर ठिपका. कोलकात्याची टांकसाळ काहीच मारत नाही. तेव्हा जागा कोरी दिसली म्हणून नाणं नकली ठरत नाही.

राहिला डाग. तुमचा फोटो मोठा करून पाहिला, तर गोल गोल ओरखडे दिसले. दंतमंजन लावलंत ना? देव्हाऱ्यातल्या निरांजनाला ते चालतं. हे प्रूफ नाणं आहे, म्हणजे संग्रहासाठी खास पाडलेलं: मोकळी जागा आरशासारखी आणि वरचं चित्र दुधाळ. एकदा घासलं की तो आरसा गेला. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडतेच, आणि काळवंडलेलं नाणं संग्राहक आनंदाने घेतो. घासलेल्याला हात लावत नाही. डबी उघडू नका, हे देतानाच सांगायला हवं होतं, तेही राहिलं.

तुम्हाला ते भुसावळच्या शीख शेजाऱ्यांना गुरुपर्वाला द्यायचं होतं, हे लक्षात आहे. घासलेलं नाणं आहे तसं परत घेतो. सगळे पैसे न्या किंवा दुसरं सीलबंद न्या, तुमची मर्जी. फक्त कार्तिकी एकादशीला येऊ नका, श्रीरामाच्या रथाच्या मिरवणुकीमुळे त्या दिवशी जुन्या गावात गाडी शिरत नाही. आदल्या दिवशी जमत नसेल तर फोन करा, भाच्यालाच भुसावळला धाडतो. बिलही तोच नवं लिहून आणेल.